लांब पल्ल्याच्या भोंग्याची फाईल: निधी कुठून आला, कुठे अडला

बरेच जण विचारतात की तुम्ही ते मोठ्या आवाजाचं यंत्र आणलं कसं, पैसे कुणी दिले, आमच्या गावाला पण पाहिजे. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी कोल्हापूरचा, शुक्रवार पेठेतल्या एका तालमीच्या रेस्क्यू ग्रुपमध्ये आहे, आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी ट्रेनिंग घेतलंय आणि पूर आला की बोटीवर असतो. पैशाच्या व्यवहारातला माणूस नाही मी, पण या एका वस्तूसाठी लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचं खातं), सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायचा पैसा), तांत्रिक मान्यता हे सगळं शिकावं लागलं.

आधी वस्तू काय ते सांगतो कारण निम्मी अडचण तिथंच येते. याला लाँग रेंज अकूस्टिक डिव्हाइस म्हणतात, एलआरएडी, म्हणजे आवाज चारी बाजूला न फेकता एका दिशेनं झोतासारखा फेकणारं यंत्र. सन 2000 च्या ऑक्टोबरमध्ये येमेनमधल्या एडन बंदरात यूएसएस कोल या अमेरिकन युद्धनौकेवर स्फोटकांनी भरलेली छोटी बोट आदळवली, तेव्हा जवळ येणाऱ्या बोटीला लांबूनच स्पष्ट शब्दात इशारा देता यायला पाहिजे ही गरज पुढं आली आणि त्यातून हे तयार झालं. आता जहाजावर, बंदरावर, पोलिसांकडं, आपत्ती पथकांकडं असतं. अंगावर घेऊन फिरता येईल असं लहान मॉडेल साधारण सात किलोचं, एक मीटरवर 137 डेसिबलपर्यंत जातं आणि कंपनी त्याची रेंज 600 मीटर सांगते. मोठी मॉडेल दोन-तीन किलोमीटरची असतात पण ती बोटीवर ठेवायची नाहीत, त्यांना गाडी नाहीतर जहाज पाहिजे.

आता कोल्हापुरात याची गरज काय. ज्यांनी 2019 आणि 2021 बघितलंय त्यांना हे सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आणि 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर. सुतारवाडा, जामदार क्लब इथं पाणी नेहमीच पहिल्यांदा येतं पण त्या दोन्ही वर्षी व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली सगळं पाण्यात, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद. लाईट महावितरणला बंद करावीच लागते नाहीतर पाण्यात करंट उतरतो, आणि लाईट गेली की थोड्या वेळानं मोबाईल टॉवरची बॅटरी संपते. म्हणजे एसएमएस, व्हॉट्सअॅप, सगळं जिथं जास्त लागतं तिथंच बंद पडतं.

2019 ला मी चिखलीकडं बोटीवर होतो. एका गल्लीत दुमजली घरावर गच्चीत बारा-पंधरा माणसं, आम्ही अजून लांब, मधे विजेच्या तारा पाण्याला टेकलेल्या म्हणून बोट सरळ नेता येत नव्हती. मी मेगाफोनवरून ओरडतोय की आधी म्हातारी माणसं आणि बाळंतीण तयार ठेवा, बाकीच्यांनी थांबा, बोट मागच्या बाजूनं येणार आहे. वरून पाऊस, पत्र्यावर पावसाचा आवाज, आमचं स्वतःचं बोटीमागचं ओबीएम इंजिन. गच्चीवर एवढंच पोहोचलं की बोट आली. सगळे पुढच्या कठड्याला आले, एक बाई लेकरू उचलून खाली देण्यासाठी वाकली, आणि बोट तर तिकडं लागणारच नव्हती. आमच्यातल्या एकानं दोन्ही हात हलवून हलवून थांबवलं. काही झालं नाही त्या दिवशी, पण त्याच महिन्यात शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, आणि तेव्हापासून बोटीवर गर्दी एकदम चढणं ह्या गोष्टीची मला जी भीती बसलीय ती आजही आहे. बोटीवर आधी कोण, कुठल्या बाजूनं, किती जण, हे बोट लागायच्या आधी लोकांना कळलं पाहिजे. यात आवाज मोठा असून भागत नाही, तो कळला पण पाहिजे.

हाच मुद्दा पुढं फाईलमध्ये कामाला आला. पहिल्यांदा आम्ही अर्ज दिला तिथं उत्तर आलं की ध्वनिक्षेपक संच आधीच उपलब्ध आहेत, नवीन खरेदीची आवश्यकता दिसत नाही. त्या टेबलाचं पण चूक नाही म्हणायची, यादीत मेगाफोन होतेच. मग आम्ही अर्जातून भोंगा, स्पीकर, ध्वनिक्षेपक हे शब्द बाजूला ठेवले आणि हिशेब मांडला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं कमी होतो. चांगला मेगाफोन एक मीटरवर 110 च्या आसपास धरला तर 200 मीटरवर तो 64 होतो, म्हणजे पत्र्यावरच्या पावसातच बुडाला. 137 चं यंत्र 200 मीटरवर 91 आणि 400 मीटरवर 85 राहतं, वारं आणि पाऊस याचं नुकसान धरलं तरी शब्द वर राहतो. त्यात हे यंत्र 2-3 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जोर देतं आणि आपल्या बोलण्यातली व्यंजनं जिथं ओळखू येतात तो भाग साधारण तिथंच आहे. डॉल्बीमध्ये उलट असतं, सगळी ताकद खालच्या दणक्यात, छाती हादरते पण गाण्याचे शब्द चार घरं पलीकडं कळत नाहीत. कोल्हापूरकराला हे एका वाक्यात पटतं.

शब्द किती कळतो हे मोजायचं पण माप आहे, स्पीच ट्रान्समिशन इंडेक्स, शून्य ते एक, 0.6 च्या वर असेल तर चांगलं मानतात. आम्ही मागणीत डेसिबलच्या शेजारी हे माप टाकलं आणि तिथून टिपणीची भाषाच बदलली, कारण आता तुलना करायला काहीतरी होतं.

आता पैसा. मला सुरुवातीला वाटायचं आपत्तीसाठी सरकारकडं पैसा आहे तर मागितला की मिळेल. पैसा आहे, पण तो वेगवेगळ्या कप्प्यात आहे आणि प्रत्येक कप्प्याची किल्ली वेगळ्या माणसाकडं आहे.

पहिला कप्पा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा, ज्यात आपल्यासारख्या राज्यासाठी केंद्राचे 75 टक्के आणि राज्याचे 25 टक्के असतात. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी याची जी विभागणी केली त्यात आपत्तीच्या एकूण पैशातले 10 टक्के पूर्वतयारी आणि क्षमतावाढीला ठेवले होते, 20 टक्के धोका कमी करायला, बाकीचं मदत आणि पुनर्बांधणीला. शोध, बचाव आणि संपर्काची साधनं या पूर्वतयारीत बसतात. पण तो निर्णय राज्य पातळीवर होतो, जिल्ह्यातून फक्त मागणी जाते, आणि एका तालमीच्या ग्रुपच्या सांगण्यावरून एक यंत्र त्या यादीत शिरणं म्हणजे पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या पावसाळ्याची गोष्ट.

दुसरा कप्पा जिल्हा नियोजन समितीचा. हा जवळचा, लोकप्रतिनिधी ओळखीचे, बैठक इथंच होते. पण तिथं प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मग निविदा, आणि मार्चअखेरच्या आत खर्च. मधे आचारसंहिता लागली तर सगळं जिथल्या तिथं. आमची फाईल याच वाटेनं बरीच पुढं गेली होती आणि तांत्रिक मान्यतेला थांबली, कारण मान्यता द्यायची कुणी? बोट असेल, रस्ता असेल, पंप असेल तर कुठला विभाग बघणार हे ठरलेलं आहे. आवाजाचं यंत्र कुणाच्याच दरसूचीत नाही. एका कार्यालयातल्या मॅडम मला म्हणाल्या, "तुमची गरज मला मान्य आहे हो, पण मी सही कशाच्या आधारावर करू तेवढं सांगा." मला ते बोलणं आवडलं. त्यांना नाही म्हणायचं नव्हतं, त्यांना आधार पाहिजे होता.

त्याच सुमारास हवालदार काका आमच्यात आले. काका टेरिटोरियल आर्मीतून रिटायर झालेले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, टेरिटोरियल आर्मी म्हणजे आपली नोकरी-धंदा सांभाळून देशासाठी वर्दी घालणाऱ्यांचं दल, 1949 पासून आहे, आणि कोल्हापुरात टेंबलाईवाडीला 109 इन्फंट्री बटालियन, मराठा लाइट इन्फंट्रीची टीए बटालियन आहे. 2019 च्या पुरात त्यांचे जवान पाण्यात उतरलेले लोकांनी बघितलेत. माझ्या डोक्यात होतं की यंत्र थेट त्यांनाच द्यावं, वर्गणी काढू, कंपन्यांकडून घेऊ आणि नेऊन देऊ. काका म्हणाले, "बाळा, पलटणीला असं काही नेऊन देता येत नाही. तिथं सुईसुद्धा अधिकृत यादीनं येते. तू दिलेलं यंत्र कुणाच्या खात्यावर चढवायचं, बिघडलं तर दुरुस्ती कुठल्या पैशातून?" मग त्यांनीच सांगितलं की लष्कर मदतीला येतं ते जिल्हा प्रशासनानं मागणी केल्यावर येतं, तर यंत्र प्रशासनाच्या मालकीचं ठेवा, आणि पुराच्या वेळी टीए असो, होमगार्ड असो, एनडीआरएफ असो, जो गट त्या भागात उतरेल त्याच्या हातात द्या. शिवाय बटालियन कधी कोल्हापूरच्या बाहेर तैनात असते, तेव्हा यंत्र कुलुपात अडकून पडायला नको.

अमेरिकेत हे कसं करतात तेही मी वाचलं. तिथं नॅशनल गार्ड आणि रिझर्व्ह तुकड्यांच्या साहित्यासाठी त्यांची संसद मुख्य लष्करापेक्षा वेगळं खातं ठेवून पैसे मंजूर करते, कारण नाहीतर राखीव तुकड्यांच्या वाट्याला नेहमी जुनंपानं येतं. आणि पोलीस, फायर ब्रिगेड यांच्यासाठी होमलँड सिक्युरिटीची अनुदानं वेगळी, त्यात कुठलं साहित्य घेता येईल याची यादीच तयार असते. म्हणजे तिथं त्या मॅडमना सही करायला आधार असता. आपल्याकडं राज्यानं अशी एक यादी काढली, आपत्ती पथकांच्या संपर्क साधनांची, मापांसह, तर प्रत्येक जिल्ह्याची निम्मी फाईल वाचेल. ही मागणी मी भेटेल त्या प्रत्येक लोकप्रतिनिधीकडं करतोय आणि करत राहणार.

तर मालकीचं ठरलं आणि तिथून सीएसआरची वाट उघडली. कंपनी कायदा 2013 चं कलम 135, ज्या कंपनीचं नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामाला खर्च करावे लागतात. 2019 पासून त्या कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये, म्हणजे कुठली कामं धरली जातात त्या यादीत, आपत्ती व्यवस्थापन स्पष्ट लिहिलंय. कोल्हापूरच्या आसपास शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा एमआयडीसी आहेत, फौंड्रीवाले आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांची कामगार वस्ती पूरपट्ट्यातलीच. त्यामुळं दार लगेच उघडलं, चहा पण मिळाला, पण पहिला प्रश्न प्रत्येक ठिकाणी एकच, तुमच्या संस्थेचा सीएसआर-1 नंबर आहे का? 1 एप्रिल 2021 पासून हे रजिस्ट्रेशन लागतं. तालीम रजिस्टर्ड आहे, पण हा नंबर नव्हता, 12ए आणि 80जी या इन्कम टॅक्सच्या नोंदण्या पण नाहीत.

इथं एक नियम खूप उपयोगी पडला आणि तो ज्यांना हवाय त्यांनी लिहूनच ठेवा. 2021 च्या सीएसआर नियमांच्या सुधारणेत म्हटलंय की सीएसआरमधून घेतलेली कायमस्वरूपी वस्तू कुणाच्या मालकीची असू शकते. त्यात सीएसआर नंबर असलेली नोंदणीकृत संस्था आहे, लाभार्थ्यांचे बचत गट वगैरे आहेत, आणि तिसरं सार्वजनिक प्राधिकरण आहे. म्हणजे कंपनीनं स्वतः खरेदी करायची आणि वस्तू थेट प्रशासनाच्या नावावर द्यायची, पैसा आमच्या खात्यातून जाण्याची गरजच नाही. काकांचा सल्ला आणि हा नियम एकमेकांत बरोबर बसले. कंपनीच्या सीएसआर कमिटीला पण हेच सोपं वाटलं कारण विनियोगाचे कागद त्यांच्याकडंच राहतात.

कमिटीत एका साहेबांनी मात्र बरोब्बर नस पकडली. त्यांनी विचारलं, हे यंत्र गर्दीवर वापरतात ना? खरं आहे. 2009 मध्ये पिट्सबर्गला जी-20 च्या वेळी पोलिसांनी हे आंदोलकांवर वापरलं होतं, कानाला इजा झाल्याचे दावे झाले, प्रकरण कोर्टात गेलं. यात बोलण्याशिवाय एक कर्कश इशारा टोन असतो, तोच त्रासदायक. उद्या आमच्या नावानं आलेलं यंत्र कुणा मोर्चावर रोखलं गेलं तर ते मला झोप लागू देणार नाही. म्हणून देणगीपत्रात अट टाकून घेतली की टोनचं बटण लॉक राहील, फक्त बोलणं आणि रेकॉर्ड केलेले संदेश, आणि वापर फक्त आपत्तीसाठी. चालवणाऱ्यानं कानाला संरक्षण घालायचं, यंत्राच्या समोर काही मीटरवर कुणी उभं राहायचं नाही, जवळच्या माणसाशी बोलताना आवाज कमी करायचा. हे सगळं मराठीत छापून यंत्राच्या पेटीच्या आतल्या झाकणाला चिकटवलंय.

आवाजाच्या नियमांचं पण विचारलं गेलं. ध्वनी प्रदूषण नियम 2000 प्रमाणं रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, पण सार्वजनिक आणीबाणीत सूट त्याच नियमात आहे. ते कलम जोडून दिलं, विषय संपला.

खरेदी करताना मागणीपत्रात ब्रँडचं नाव घालायचं नाही हे आम्ही पहिल्यापासून पाळलं. माप लिहायची, म्हणजे एक मीटरवर किती डेसिबल, 300 मीटरवर शब्द कळण्याचं माप किती, वजन किती, पावसात चालण्यासाठी आयपी रेटिंग किती, बॅटरीवर किती तास, बॅटरी इथं मिळते का, दुरुस्ती भारतात होते का. एका विक्रेत्यानं साधा मशिदी-मंदिरावरचा हॉर्न मोठ्या अँप्लिफायरला जोडून तेच लांब पल्ल्याचं म्हणून दाखवलं होतं, कागदावर डेसिबल मस्त, प्रत्यक्षात दोनशे मीटरवर नुसता घुमारा. म्हणून सांगतो, प्रात्यक्षिकाशिवाय कुणी घेऊ नका.

आमचं प्रात्यक्षिक पोलिसांची परवानगी काढून कळंबा तलावावर झालं. या काठावर यंत्र, पलीकडं काका, दोन होमगार्ड, आपदा मित्र मुली आणि चिखलीतून मुद्दाम बोलावलेली चार वयस्कर माणसं. प्रत्येकाच्या हातात वही. मी इकडून वाक्यं वाचायची, त्यांनी कळलं ते लिहायचं, आणि वाक्यं आधी कुणाला दाखवायची नाहीत. शेजारी आमच्याच बोटीचं इंजिन चालू ठेवलं कारण शांततेत काय, सगळंच ऐकू येतं. पहिली वाक्यं लांब होती, "नागरिकांनी कृपया घाबरून न जाता सहकार्य करावे" असली सरकारी, त्यातलं वह्यांमध्ये अर्धंमुर्धं आलं. मग वाक्यं तोडली. "बोट मागून येतीय. पुढं येऊ नका. म्हातारी माणसं आधी." प्रत्येक वाक्यानंतर दोन सेकंद थांबायचं, कारण समोरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येतो तो विरू द्यायचा, आणि प्रत्येक वाक्य दोनदा. हे सगळ्या वह्यांमध्ये जसंच्या तसं. चिखलीच्या एका आजोबांनी वही माझ्या हातात दिली, अक्षर थरथरतं पण शब्द न शब्द बरोबर, आणि म्हणाले, "एकोणीस साली एवढं ऐकायला आलं असतं तर आम्ही जनावरं आदल्या रात्रीच सोनतळीला नेली असती." माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी नुसता त्यांचा हात धरला.

वाऱ्याचं एक तिथं शिकलो. वारं समोरून आपल्याकडं येत असेल तर आवाज वर वळतो आणि समोरच्या माणसाच्या डोक्यावरून जातो, ताकद वाढवून उपयोग नाही, बोटीची जागा बदलून वाऱ्याच्या बाजूनं जायचं. रात्री पाण्यावर उलट होतं, पाण्यालगतची हवा थंड आणि वरची गरम असली की आवाज खाली वळतो आणि दिवसापेक्षा लांब जातो. म्हणून पाणी चढण्याआधीचे इशारे, म्हणजे राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, पाणी इतक्या तासात वाढणार, असले संदेश रात्री उशिरा पण द्यायचे असं ठरवलंय.

त्या वह्या आम्ही झेरॉक्स करून प्रस्तावाला जोडल्या. मला मनापासून वाटतं की सगळ्या कागदात तेच जास्त वजनाचे ठरले. कमिटीनं मंजुरी दिली, कंपनीनं खरेदी केली, यंत्र प्रशासनाच्या साठा नोंदवहीत चढलं. इंडिया डिझास्टर रिसोर्स नेटवर्क म्हणून जी देशभरातल्या बचाव साहित्याची ऑनलाइन यादी आहे तिथं पण नोंद व्हावी म्हणून पत्र दिलंय, म्हणजे पुण्याहून एनडीआरएफची तुकडी निघाली तर तिला वाटेतच कळेल की कोल्हापुरात हे आहे.

एका गोष्टीसाठी मात्र कुणाचाच कप्पा सापडला नाही, ती म्हणजे बॅटरी आणि देखभाल. नवीन वस्तूला पैसे मिळतात, चालू ठेवायला मिळत नाहीत. सध्या बॅटरी बदलायचा खर्च तालमीनं उचललाय, गणपतीच्या वर्गणीतून ठराविक रक्कम बाजूला काढायचा ठराव केलाय, आणि दर महिन्याला एकदा पेटी उघडून चार्ज करून चालवून बघायचं काम आपदा मित्र मुलींनी घेतलंय, त्या त्यात एक दिवस इकडचा तिकडं होऊ देत नाहीत. ज्यांना आपल्या गावासाठी प्रस्ताव करायचाय त्यांनी देणगी मागतानाच पाच वर्षांची देखभाल आणि एक जादा बॅटरी त्याच रकमेत धरा, कंपन्या तयार होतात, नंतर वेगळं मागितलं तर कुणी देत नाही.

आता शिरोळ तालुक्यासाठी दुसऱ्या संचाचं चाललंय. नृसिंहवाडी, कुरुंदवाडकडं कृष्णा आणि पंचगंगा दोन्हीचं पाणी येतं आणि तिथं अंतरं आमच्यापेक्षा मोठी, त्यामुळं गाडीवर बसवायचं मोठं मॉडेल लागेल. मागणीपत्राचा नमुना, मापांचा तक्ता, देणगीपत्रातल्या अटी आणि प्रात्यक्षिकाची वाक्यं, सगळं माझ्याकडं टाईप केलेलं तयार आहे. तालमीत संध्याकाळी कुणीही या, पेनड्राईव्ह घेऊन या.